विकत काय घेतलं ते नको, काय टिकलं ते सांगा: पर्यावरणपूरक घर आणि शाळा

५ जून, म्हणजे पर्यावरण दिन, जवळ आला की बांबूचे ब्रश, काथ्याच्या घासण्या, ज्यूटच्या पिशव्या यांच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यातल्या बऱ्याच वस्तू चांगल्या असतात, माझ्या घरातही आहेत. पण वस्तू आणणं एका दुपारचं काम आणि ती रोजच्या धबडग्यात वापरत राहणं हे वेगळंच काम. त्या दुसऱ्या कामाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. म्हणून इथे एवढंच लिहा: तुमच्या घरी किंवा मुलांच्या शाळेत निदान वर्षभर टिकलेली एखादी गोष्ट. ती रोज कोण करतं? पाणी, वेळ, पैसा किती जातो? शाळा काय म्हणाली? गाव जरूर लिहा, कारण कोकणातला उपाय मराठवाड्यात चालेलच असं नाही. सुरुवात मी करते.

पुणे, सोसायटीत राहणारी, दोन मुलांची आई

आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत घरीच होतं. गॅलरीत भोकं पाडलेले डबे एकावर एक ठेवलेत. सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा, वर तेवढाच वाळलेला पालापाचोळा, सुरुवातीला विरजण म्हणून थोडं जुनं खत किंवा आंबट ताक. मूठभर खत हातात घेऊन आवळलं की बोटांमधून जेमतेम एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाचोळा कमी पडतोय, आणि वास तिथूनच सुरू होतो.

अळ्यांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण याच टप्प्यावर बहुतेक घरांत डबा बंद पडतो. मळकट तपकिरी रंगाच्या जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. पाचोळ्याचा थर वाढवा, त्या आपोआप कमी होतात.

सोसायटीत पूर्वी पाला जाळायचे. आता माळीकाका पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवतात आणि ज्याला हवा तो नेतो. शहरात 'ब्राऊन लीफ'सारखा उपक्रमही आहे, पाला जास्त असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून देणारा.

सुका कचरा 'स्वच्छ'च्या ताई नेतात. कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. सुका माल विकून येणारे पैसे ताईंचेच असतात, त्यामुळे खरकटी पिशवी म्हणजे थेट त्यांच्या कमाईवर घाला. दुधाची पिशवी आम्ही विसळून, वाळवून देतो. कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, चिकटलेलाच ठेवतो. तुटलेला तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून गटारात जातो. हे काम माझा मुलगा करतो, तो सातवीत आहे. त्याला एकदा कारण सांगितलं, पुन्हा आठवण करावी लागली नाही.

माण तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. शाळेत परसबाग करा असं वरून पत्र आलं तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. मग आम्ही मुलांच्या हात धुण्याच्या जागेपासून एक उतार काढला. ताटातलं खरकटं आधी खड्ड्यात झाडायचं, मग ताट विसळायचं आणि ते पाणी चरातून केळी आणि अळूकडे जाऊ द्यायचं. केळ आणि अळू थोडं साबणाचं पाणीही सोसतात. पालेभाज्यांना मात्र आम्ही ते पाणी देत नाही.

खरी अडचण मे महिन्याची. सुट्टीत शाळा बंद, बाग मरणार. त्यावर गावातल्या एका आजोबांनी मडक्यांचा उपाय सुचवला. बिनचकाकीचं, कमी आचेवर भाजलेलं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्याच्या अंगातून ओल झिरपते, मुळं तिथवर येतात. वरून ओतलेल्या पाण्याच्या मानाने उन्हात फारच थोडं वाया जातं. मडकी दोन-चार दिवसांनी भरायची पाळी पालकांनी वाटून घेतली. शेवगा, कढीपत्ता, वांगी त्यावर जगली. शेवग्याचा पाला आता खिचडीत पडतो आणि तो मुलांनीच तोडलेला असल्यामुळे ताटात मागे राहत नाही.

पुस्तकांचंही सांगते. वरच्या वर्गातल्या मुलांनी पुस्तकं जपून खालच्या वर्गाला द्यायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं आली आणि मुलं त्यावर लिहू लागली. दप्तर हलकं व्हावं हा हेतू चांगला होता, पण लिहिलेलं पुस्तक पुढच्या मुलाला कसं देणार? २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली आणि आमची पुस्तकपेढी पुन्हा सुरू झाली. जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून शिवायचं काम चौथीची मुलं दाभणाने करतात. सुई-दाभण मुलांच्या हाती द्यायला सुरुवातीला काही पालक घाबरले होते. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम मी पाहिलं आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं. हाताने काम करत शिकायचं ही तिथली रीत. ते दाखले पालकांना दिल्यावर विरोध मावळला.

लातूर, व्यवसायाने लेखापाल

वरच्या ताईंनी पाण्याचा विषय काढला म्हणून लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आलं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला पर्यावरणपूरक म्हणजे काय हे विचारलं तर तो आधी बादली मोजेल. धुऊन पुन्हा वापरा, हा सल्ला पुण्या-मुंबईकडे सरसकट दिला जातो. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या कार्याला स्टीलची ताटं धुवायची तर टँकर लागतो. म्हणून आम्ही मार्चपासून पाऊस पडेपर्यंतच्या कार्यक्रमांना पळसाची पत्रावळ आणि द्रोणच वापरतो. जेवण झालं की गुरांपुढे किंवा उकिरड्यावर. विकत घेताना एवढं पाहा, की पानांना आतून प्लास्टिकचा चकचकीत थर लावलेला नाही ना. हल्ली तसल्या पत्रावळी बाजारात सर्रास दिसतात आणि त्या गुरांपुढे टाकणं म्हणजे जनावराच्या जिवाशी खेळ.

घरात भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना आणि कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. यात हरित असं काही विकत आणावं लागलं नाही. बायको आणि मी दोघंही करतो.

नागपूर, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते

पत्रावळीच्या थरावरून आठवलं. आमच्या शाळेच्या उपाहारगृहात प्लास्टिकचे पेले जाऊन कागदी आले आणि सगळे खूश झाले. मी आठवीच्या मुलांकडून एक प्रयोग करवून घेतला, तो कोणीही करू शकेल. कागदी पेला फाडून कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी कागदाचा लगदा बोटांनी हळूहळू चोळून काढायचा. हातात उरतो तो पारदर्शक, पातळ, ओढला तर ताणला जाणारा पापुद्रा. तो पॉलिथिन. चहा कागदातून गळू नये म्हणून आतून लावलेला. मुलांनी ते पापुद्रे वाळवून तक्त्यावर चिकटवले आणि तक्ता उपाहारगृहाच्या खिडकीशी लावला. त्यानंतर शाळेने ठरवलं, प्रत्येकाने स्वतःचा स्टीलचा पेला आणायचा. आज तो नियम नवीन मुलांना जुनी मुलंच सांगतात.

दुसरा प्रयोग 'कंपोस्टेबल' पिशव्यांचा. शाळेच्या खतखड्ड्यात पुरलेली पिशवी पावसाळा उलटला तरी बऱ्यापैकी शाबूत होती. पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता, फसवणूक नव्हती. पण अशा पिशव्यांची प्रमाणित चाचणी औद्योगिक खतप्रकल्पातल्या तापमानाला होते, साधारण ५८ अंशांच्या आसपास. घरच्या डब्यात इतकी उष्णता टिकत नाही. त्यामुळे गॅलरीत खत करणाऱ्यांनी या पिशव्या डब्यात टाकू नयेत. ओल्या पुसण्या, म्हणजे वेट वाइप्स, यांचंही तेच. दिसायला कागद, पण बहुतेकांत पॉलिएस्टर असतं.

आणि मुलांना एक चिन्ह ओळखायला शिकवा: मातीचं मडकं. भारत सरकारची 'इकोमार्क' योजना १९९१ पासूनची आहे, २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. नुसतं हिरवं पान छापलेलं वेष्टण म्हणजे कुणाचंही प्रमाणपत्र नव्हे.

ठाणे, निवृत्त, सत्तरी ओलांडलेली

माझा अनुभव संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबण ठेवायच्या पेट्या. दर वर्षी घरात ढीग व्हायचा आणि कुणालाच टाकवत नसे, कारण सवाष्णीच्या हातचं वाण! आमच्या महिला मंडळात मी हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघी नाराज झाल्या. वाण लुटायचं म्हणजे काहीतरी हातात पडायला हवं, हे त्यांचंही बरोबरच होतं. मग आम्ही ठरवलं, दर वर्षी वापरून संपेल असंच काहीतरी द्यायचं. शिकेकाई, रिठे, गूळ, हळकुंडं, घरच्या बिया. जुन्या साड्यांच्या पिशव्याही शिवल्या. पिशवी शिवणाऱ्या बाई आमच्याच इमारतीत धुणंभांडी करतात, त्यांना त्याचे रास्त पैसे दिले. बायकांनी समाजकार्य म्हणून फुकट शिवून द्यावं, हे मला मान्य नाही.

मंडळाकडे ताटं, वाट्या, पेले, वाढपाची भांडी असा संचही आहे. बारसं, मुंज, वाढदिवस, कुणीही अनामत ठेवून नेतं आणि घासून परत आणतं. लातूरच्या भाऊंचं वाचून वाटलं, आमच्याकडे पाणी आहे म्हणून हे जमतं.

पेण, गणपतीचा कारखाना

आमचा घरचा धंदा आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू सांगतो. सगळे म्हणतात शाडूचा गणपती द्या. द्यायला आनंदच आहे. पण प्लास्टर का आलं हेही समजून घ्या. ते हलकं, साच्यात पटकन सुकतं, प्रवासात कमी मोडतं. शाडूची मूर्ती जड, आणि ऐन पावसात ती सुकवायची म्हणजे आमच्या बायकांची रात्रंदिवस निगराणी. हात तुटला, बोट गेलं की पुन्हा घडवायचं. शाडू माती इथली नव्हे, गुजरातेतून येते, म्हणजे तीही खणूनच काढलेली.

तर दोन गोष्टी करा. गणपती लवकर सांगा, उन्हाळ्यात सांगितलात तर आम्हाला ऊन मिळतं. आणि विसर्जन बादलीत करून माती परत द्या. मूर्तीवर साधे पाण्याचे रंग किंवा गेरू असेल तर गाळ वाळवून, चाळून पुन्हा मळता येतो. तेलरंगाचा थर असेल तर ती माती आमच्या कामाची राहत नाही. जवळच्या एका शाळेची मुलं दर वर्षी पोतं भरून माती आणून देतात आणि त्याच मातीचे छोटे गणपती करायला शिकतात.

फोंडा, गोवा

चवथीचा विषय निघालाच आहे तर माटोळीबद्दल लिहितो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, निरफणस, चिबूड, आंबाडे, रानवेलीची लालभडक कवंडाळं बांधतात. थर्माकोलच्या मखराची गरजच पडत नाही. वडील मुलांना घेऊन रानात जायचे, आता बरेच लोक बाजारातून आणतात. मागणी वाढली तशी वेली मुळासकट ओरबाडल्या जाऊ लागल्या, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही घरी नियम केला आहे: प्रत्येक प्रकाराचं एक-दोनच फळ, आणि विसर्जनानंतर कवंडाळाच्या बिया कुंपणाला टोचायच्या. माझी मुलगी कोकणीतली नावं मला विचारते आणि शाळेच्या वहीत चित्रासकट लिहून ठेवते.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे पाण्याच्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की पावती येते. २००३ पासूनचा कायदा आहे. मुलांची ती कमाई असते, त्यामुळे आठवण करावी लागत नाही. मुलीला हे जर्मन लोकांचं शहाणपण वाटायचं. सुट्टीत सांगलीला गेलो तेव्हा आजीच्या दारात रद्दीवाला तराजू घेऊन आला आणि तिने वर्तमानपत्रं, बाटल्या, पत्र्याचे डबे वेगळे काढून दिले, भाव करून पैसेही घेतले. हे आपल्याकडे कधीपासून आहे, असं मुलीने विचारलं. आजी म्हणाली, माझ्या लहानपणीही होतंच.

कोल्हापूर, नववीतल्या मुलीची आई

न बोलला जाणारा विषय लिहिते. मी स्वतः मासिक पाळीचा कप वापरते. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा कप नीट उकळून ठेवला तर अनेक वर्षं चालतो. लेकीवर मी सक्ती केली नाही. ती कापडी पॅड वापरते, गार पाण्यात भिजवून धुते आणि उन्हात वाळवते, कपाटामागे लपवून नाही. आधी वाळत घालायला लाजायची, तेव्हा तिच्या बाबांनीच दोरी बांधून दिली.

शाळेत मात्र कापडी पॅड बदलणं जमत नाही. तिथे पाणी नाही, कडी नाही, टोपलीला झाकण नाही. आम्ही काही आयांनी मुख्याध्यापिकांना भेटून एवढंच मागितलं: आतून कडी, झाकणाची टोपली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा उचलणाऱ्या ताईंना न उघडता कळतं. कडी आणि टोपली मिळाली. पाणी अजून नाही, पाठपुरावा सुरू आहे. मुलींना हरित पर्याय शिकवण्याआधी शाळांनी नळ द्यावा, असं मला तळमळीने वाटतं.

अकोला, एक प्रश्न

फरशी पुसायला बायोएन्झाइम करायचं आहे. संत्र्याची सालं भरपूर आहेत. प्रमाण कोणी सांगेल का?

पुणे, धागाकर्ती

एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी. तीन महिने मुरू द्या. काचेची बरणी घेऊ नका, वायू साठून फुटू शकते. प्लास्टिकची जुनी बाटली चालेल, पण वरचा भाग रिकामा ठेवा. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून पुन्हा लावा. गाळून उरलेली सालं पुढच्या बाटलीत विरजण म्हणून जातात. आणि फरशीसाठी पाण्यात पातळ करूनच वापरा.