मदत हवी आहे: झऱ्याचं पाणी खारं झालंय, मीठ कुठून आलं हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी एक झरा आहे. आजीच्या काळात अख्खी वस्ती डाळीसाठी मुद्दाम इथलं पाणी न्यायची. आता त्याच पाण्यात तूरडाळ दोन-दोन तास शिजत नाही. चवीला मचूळ लागतं. उन्हाळ्यात दगडांवर पांढरा पोपडा धरतो, नखाने खरवडला की सुटतो. हे पाणी ठिबकला दिलं तर द्राक्षाची पानं कडेने करपली.

मे महिन्यात पाणी तपासलं. लिटरला क्लोराईड 900 मिलिग्रॅम, सोडियम 420.

गावात काही जण म्हणतात, खाली जुना समुद्र आहे. म्हणून वाचायला बसलो. गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांत खारे झरे असतात. तिथे एक तर आटलेल्या समुद्राचं पाणी खडकात अडकलेलं असतं, नाहीतर पावसाचं पाणी खोल जाऊन मिठाचे थर विरघळवत वर येतं. खूण ब्रोमाईडची (क्लोराईडचाच भाऊबंद, पाण्यात अगदी थोडा असतो). मिठाचे खडे धरताना ब्रोमाईड बहुतेक पाण्यातच मागे राहतं. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात क्लोराईड ब्रोमाईडच्या साधारण 290 पट असतं, तर मीठ विरघळून झालेल्या पाण्यात हजारो पट.

पण आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यासारखा शेकडो फूट गाळही इथे नाही. माझा संशय वरच्या उसावर आहे. वर्षानुवर्षं पाटपाणी, पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात. शिवाय म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे क्लोराईडच. (बागेला आम्ही एसओपी, म्हणजे क्लोराईड नसलेलं सल्फेट ऑफ पोटॅश देतो.)

अडलंय ते इथे. मोलच्या, म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येच्या, हिशेबाने सोडियम-क्लोराईडचं प्रमाण 0.72 येतं. समुद्रात ते 0.86 असतं, नुसतं मीठ विरघळलं तर 1. म्हणजे सोडियम वाटेत कुठेतरी अडकलं आणि बदल्यात कॅल्शियम आलं, डाळ शिजत नाही ती बहुधा त्यानेच. खोल खोऱ्यांत ही अदलाबदल खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाशी होते, आमच्याकडे काळी मातीही ती करू शकते. की पोटॅशमधून सोडियमशिवाय आलेल्या क्लोराईडनेच आकडा खाली ओढलाय?

ब्रोमाईड काढून उलगडा होईल का? पावसातलं मीठही मूळचं समुद्राचंच, मग नुसतं आटलेलं पाटपाणीसुद्धा 290 च्या जवळच दिसेल ना? तसं असेल तर ऑक्सिजन-18 आणि ड्युटेरियम (पाण्यातले जड ऑक्सिजन-हायड्रोजन, पाणी किती उडालं ते दाखवणारे) तपासावं लागेल का? सोबत नायट्रेट जास्त निघालं तर खताकडे बोट दाखवता येईल का? आणि 900 क्लोराईडशेजारचं 3 मिलिग्रॅम ब्रोमाईड नीट मोजणारी प्रयोगशाळा नाशिक-पुण्यात कुणाला माहीत आहे का?

ऑक्टोबर छाटणीच्या आत ठरवायचंय. मीठ खालून येत असेल तर झऱ्याची मोटर काढतो. वरून येत असेल तर वरच्या शेतकऱ्यांना घेऊन बसतो आणि निचऱ्याचे चर काढायला लागतो.