दोन वर्षांसाठी एवढा स्टाफ कशाला?
वर कुणीतरी विचारलंय की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निवडून येऊन दोन वर्षं बसायला न्यूयॉर्कच्या मिशनमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या कार्यालयात, जास्तीची माणसं कशाला, भाषणं तर राजदूतच करतात ना. अहो भाषण हा सगळ्यात सोपा भाग! खरं काम बंद दाराआड, ठरावाच्या एकेका शब्दावर तज्ज्ञ पातळीवर घासाघीस चालते, आणि मसुदे बहुतेक वेळा अमेरिका, ब्रिटन नाहीतर फ्रान्सच लिहितात, त्यामुळे आपल्याकडे ती फाइल कोळून प्यालेला माणूस नसेल तर नुसतं हो ला हो करायचं. भारताचंच बघा ना, २०२१-२२ मध्ये तालिबान आणि लिबिया निर्बंध समित्यांचं अध्यक्षपद आपल्याकडे, २०२२ मध्ये वर दहशतवादविरोधी समिती, शिवाय ऑगस्ट २०२१ चं परिषदेचं अध्यक्षपद, आणि नेमकं त्याच महिन्यात १५ तारखेला काबूल पडलं. ३० ऑगस्टला अफगाणिस्तानबद्दलचा ठराव २५९३ मंजूर झाला. तेवढ्यात दिल्लीहून माणूस मागवून कसं जमणार? निवडून आलेल्या देशांना मुदत सुरू व्हायच्या आधीचे तीन महिने, १ ऑक्टोबरपासून, नुसतं बसून बघायला मिळतं, म्हणजे माणसं तोवर तिथे पोचलेली हवीत. आपली परराष्ट्र सेवा मुळात केवढीशी, एका ठिकाणी भरती केली की दुसरीकडे खुर्ची रिकामी.