यादीत नाव आलं, पुढे काय? सोसायटीच्या ग्रुपवरची शनिवारची चर्चा

(पुढच्या वर्षी आमच्या बी विंगमध्ये चार घरांत बारावी आहे, म्हणून ही चर्चा उतरवून ठेवतोय. गुड मॉर्निंगची फुलं आणि पार्किंगची भांडणं गाळली आहेत. टाकीचा मेसेज मात्र ठेवलाय, कारण सेक्रेटरींनी तो दिवसभरात चार वेळा टाकला.)

ए-५०२ सावंत वहिनी: नमस्कार मंडळी. ओंकारची इंजिनिअरिंगच्या कॅपची (राज्याच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची) पहिली फेरी लागली. वाशीकडचं कॉलेज, कॉम्प्युटर. फॉर्ममध्ये चौथ्या नंबरवर टाकलं होतं. पहिल्या नंबरवर व्हीजेटीआय होतं. आता हे घ्यायचं की थांबायचं? सकाळी कॉलेजमधून फोन आला, "आजच येऊन पूर्ण फी भरा, नाहीतर सीट जाईल." पोर्टलवर मुदत मंगळवारपर्यंत दिसतेय. ह्यांचं बीपी वाढलंय.

सेक्रेटरी: अभिनंदन 💐 उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

(मध्ये अभिनंदनाचे तेवीस मेसेज. त्यातला एक मुलीच्या लग्नाबद्दल होता, तो चुकून या ग्रुपवर आला असावा.)

बी-१०४ नाना: वहिनी, आधी साहेबांना खाली बसवा आणि पाणी द्या. कॉलेजच्या फोनवर विसंबून एक रुपया भरायचा नाही. मी प्रवेशाच्या खिडकीमागे ३१ वर्षं काढली, हे "आजच या" प्रकरण मला माहीत आहे. कॅपमध्ये तारीख सीईटी सेलची, म्हणजे हे प्रवेश चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाची असते, कॉलेजची नाही. यादीत नाव आलं म्हणजे साखरपुडा झाला. लग्न अजून लागायचंय.

ए-२०१ मनाली: नाना 😂

ए-५०२ सावंत वहिनी: मग आज नेमकं करायचं काय?

बी-१०४ नाना: ओंकारने स्वतःच्या लॉगिनमध्ये जायचं. सायबरवाल्याच्या मोबाइलवर ओटीपी जाणार असेल तर आधी तो नंबर बदलून घ्या. दरवर्षी एकतरी पोर असं अडकतंच. आत गेल्यावर मार्क, कॅटेगरी, जन्मतारीख सगळं कागदाशी ताडून बघायचं. फॉर्म भरताना जे लिहिलं त्याला पुरावा नसेल तर सीट मिळूनही रद्द होते. मग सीट स्वीकारण्याचे १००० रुपये ऑनलाइन भरायचे आणि एक निवडायचं, फ्रीझ किंवा बेटरमेंट. फ्रीझ म्हणजे हेच कॉलेज पक्कं, मग तिथे जाऊन कागद दाखवून फी भरायची. बेटरमेंट म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचं मिळतंय का बघायचं. वरचं लागलं की ही आपोआप सुटते, परत मागता येत नाही. नाही लागलं तर हीच राहते. मंगळवारपर्यंत काहीच केलं नाही तर मात्र ही हातची गेली.

ए-५०२ सावंत वहिनी: म्हणजे बेटरमेंट घेतलं तर आज पूर्ण फी भरायची गरज नाही?

बी-१०४ नाना: नाही. फक्त हजार. पावतीची प्रिंट काढा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका.

ए-२०१ मनाली: काकू, मी थर्ड इयरला आहे म्हणून सांगते. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्यात आणि नियम कडक झालाय. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं काहीही लागलं तरी तेच. तिसऱ्यात पहिल्या सहांतलं. ओंकारला चौथं लागलंय म्हणून आत्ता मोकळीक आहे. पण पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना वरच्या तीन जागांवर जिथे जायची खरंच तयारी आहे तेवढंच टाकायला सांगा. माझ्या वर्गातल्या एकाने "उगाच टाकून बघू" म्हणून दोन नंबरवर नको असलेली ब्रँच टाकली होती. तीच गळ्यात पडली.

ए-५०२ ओंकार: ताई, व्हीजेटीआय टेक्स्टाइल वर टाकू का? नाव तरी मोठं आहे.

ए-२०१ मनाली: टेक्स्टाइल आवडतं का?

ए-५०२ ओंकार: माहीत नाही.

ए-२०१ मनाली: मग नको. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ आहेत, कॉलेज आणि ब्रँचप्रमाणे. आज तेच बघत बस. ग्रुपवरच्या मतांवर फॉर्म भरू नकोस, माझ्याही.

सी-७०२: फॉरवर्डेड: "आनंदाची बातमी!! महाराष्ट्रातील सर्व मुलींना कॉलेज शिक्षण १००% मोफत. कोणतेही कॉलेज फी मागू शकत नाही. सर्वांना पाठवा 🙏"

बी-६०३ देशमुख: आमच्या सईची बी.कॉम.ची फी परवाच भरली की! परत मागू?

सी-३०१ परब काकू: थांबा हो. त्या निर्णयाची तारीख ८ जुलै २०२४. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी अशा गटांतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. आधी निम्मं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं, ते पूर्ण केलं. मॅनेजमेंट कोट्याला नाही. साध्या बी.कॉम.ला हा निर्णय लागू नाही. आणि महाडीबीटीवर, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज केल्याशिवाय कुणालाच काही मिळत नाही.

सी-७०२: मला जसं आलं तसं पाठवलं 🙏

सी-३०१ परब काकू: तेच तर.

ए-५०२ सावंत साहेब: नमस्कार. आम्ही ओपनमध्ये. उत्पन्न सहाच्या आसपास. मुलगा आहे म्हणून काहीच नाही का?

सी-३०१ परब काकू: आहे ना. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, लोक अजून "ईबीसी" म्हणतात ती. ८ लाखांच्या आत असाल तर निम्मं शिक्षण शुल्क. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल लागेल. आपण बोरिवली तालुक्यात येतो. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करा, पण आजच. जुलैत सेतूवर अख्खं शहर उभं असतं. आणि खात्याचं एक लक्षात ठेवा. आधार "लिंक" असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयकडे "सीड" असणं वेगळं. पैसे सीड असलेल्या खात्यातच जातात. मी बँकेत असताना लोक यायचे, "मॅडम, शिष्यवृत्ती आलीच नाही." बघावं तर दहावीत उघडलेल्या बंद पडायला आलेल्या खात्यात जमा झालेली.

ए-५०२ सावंत साहेब: आणि उरलेल्या फीसाठी लोन?

सी-३०१ परब काकू: साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. ठरावीक नावाजलेल्या संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी ही कर्ज योजना आहे, तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघू. सोमवारी या, फॉर्म मी भरून देते.

बी-१०४ नाना: फीचा आकडासुद्धा कॉलेजच्या तोंडचा घेऊ नका. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या साइटवर असते. त्यावर "डेव्हलपमेंट", "बिल्डिंग फंड" असं काही रोखीत मागितलं तर पावती मागा. पावती म्हटलं की बऱ्याच जणांचा आवाज उतरतो. देणगी घेऊन प्रवेश देणं आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बी-६०३ देशमुख: नाना, आमची गोष्ट सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. मोठीच्या वेळी पहिल्या मेरिट लिस्टमध्ये एका कॉलेजात नाव लागलं. घाबरून पूर्ण फी भरली, मूळ मार्कशीट, एलसी, सगळं देऊन आलो. दुसऱ्या लिस्टमध्ये तिला हवं ते कॉलेज लागलं. पहिल्याकडे कागद मागायला गेलो तर म्हणे, "फी परत मिळणार नाही आणि कागद प्राचार्यांच्या सहीशिवाय देत नाही. प्राचार्य रजेवर." दुसऱ्या कॉलेजची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बायको तिथल्या बाकावर बसून रडली. कागद कसेबसे मिळाले, पैसे चार महिन्यांनी, तेही कापून.

सी-३०१ परब काकू: अरे देवा.

बी-१०४ नाना: देशमुख, त्या खिडकीत मी नव्हतो एवढं लिहून ठेवा 🙂 पण असं होतं, खोटं नाही. मूळ कागद दाखवायचे, तपासून झाले की तिथल्या तिथे परत घ्यायचे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच लिहून दिलंय की मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. एलसीचं तेवढं वेगळं, ती कॉलेजला जमा होते. म्हणून द्यायच्या आधी पाच-सहा झेरॉक्स आणि एक स्पष्ट स्कॅन. जमा केल्याची पोच घ्या.

फी परतीचंही २०१८ चं कोष्टक आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर जवळपास सगळी परत, प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, तेही जास्तीत जास्त ५००० कापून. १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पहिले १५ दिवस ८०, महिन्यापर्यंत ५०, पुढे शून्य. काही वर्षी यूजीसी याहून सैल पत्रक काढते. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परत होती. कॅपच्या सीटला मात्र सीईटी सेलचं माहितीपुस्तक बघायचं. त्यात कट-ऑफ तारीख असते. तिच्या आधी रद्द केलं तर हजार कापतात, नंतर फक्त डिपॉझिट परत. ओंकार, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिही. आईच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.

सेक्रेटरी: उद्या टाकी. १० ते १.

बी-६०३ देशमुख: सईचं अजून एक. मुंबई विद्यापीठाचं प्री-एन्रोलमेंट केलं, कॉलेज मिळालं, फी भरली. आता एबीसी आयडी मागतायत आणि तो निघतच नाही. नाव जुळत नाही म्हणतो.

ए-२०१ मनाली: मार्कशीटवर नाव कसं आहे?

बी-६०३ देशमुख: देशमुख सई आणि माझं नाव. आधारवर नुसतंच सई देशमुख.

ए-२०१ मनाली: हेच. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर कुणाचं कसं, कुणाचं कसं. एबीसी म्हणजे क्रेडिटचं खातं, बारा आकडी नंबर असतो. ते डिजिलॉकरमधून निघतं आणि डिजिलॉकर आधारचं नाव धरतं. आधार दुरुस्त करून घ्या, आत्ताच. माझ्या मैत्रिणीने "नंतर बघू" म्हटलं, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा फॉर्मला धावाधाव झाली.

बी-६०३ देशमुख: आणि विषयांचा फॉर्म भरताना मेजर, मायनर, ओई, व्हीएससी… हे काय आहे? आमच्या वेळी अकाउंट्स आणि इको होतं, बस्स.

ए-२०१ मनाली: नवीन शैक्षणिक धोरण, काका. मेजर म्हणजे तिचा मुख्य विषय. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा एक. व्हीएससी कौशल्याचा. ओई आवडीने निवडायला सांगा, मैत्रिणीने घेतला म्हणून नको. चांगल्या ओईच्या जागा पहिल्या तासात भरतात.

ए-४०४ (नवीन भाडेकरू): नमस्कार. आम्ही मेमध्ये पुण्याहून आलो. मुलगी सीबीएसईची. तिला वेगळं काही?

बी-१०४ नाना: स्वागत. मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, शिवाय विद्यापीठाची एलिजिबिलिटी. मायग्रेशन डिजिलॉकरमध्येही मिळतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, जुनं चालत नाही. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र सगळ्यांनाच, antiragging डॉट in वर. मुलीचं आणि पालकाचं, दोन्ही. ते निव्वळ कागद समजू नका. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मुलीच्या फोनमध्ये सेव्ह करा.

सी-३०१ परब काकू: आणि फीच्या लिंका व्हॉट्सॲपवर आल्या तर उघडू नका. कॉलेजच्या साइटवर स्वतः जायचं. यूपीआयने पैसे भलतीकडे गेले तर एका झटक्यात जातील.

ए-५०२ सावंत साहेब: वाशीचा प्रवास पण बघायला हवा. चारकोपहून रिक्षा, कांदिवली, दादरला बदल, कुर्ल्याला परत बदल. एका बाजूला दोन तास.

ए-२०१ मनाली: अंधेरीहून पनवेल लोकल मिळाली तर बरं पडतं, वेळा बघून ठेवा. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच देतं, घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंत. आयकार्ड लगेच करून घ्यायचं, त्याशिवाय फॉर्म देत नाहीत. पण काकू, एका सोमवारी सकाळी आठची गाडी पकडून ओंकारला खरंच तिथपर्यंत पाठवा. फ्रीझ करायच्या आधी. मी नाही केलं, पहिल्या महिन्यात रडले.

ए-५०२ ओंकार: सोमवारी जातो. मंगळवार शेवटचा आहे.

ए-५०२ सावंत वहिनी: आत्ता हजार भरले. बेटरमेंट टाकलं. पावती काढली. कॉलेजला फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले "ठीक आहे मॅडम." एवढंच! सकाळी सीट जाणार होती!

बी-१०४ नाना: 😌

ए-५०२ ओंकार: नाना, फाइल दाखवायला आत्ता येऊ का?

बी-१०४ नाना: ये. झेरॉक्स आण. ओरिजिनल घरी कपाटात. पाऊस आहे आणि आपल्या जिन्याचं छत गळतं, ते कमिटीला माहीत आहेच.

सेक्रेटरी: जिन्याचा विषय मीटिंगमध्ये. टाकी उद्या १० ते १.