उथळ पाण्यात नाव एका जागी धरायची आहे: रोवायचा खांब घ्यावा की नांगरच बरा?

सुदामानगरकर, इंदूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १२ फुटी, सपाट बुडाची फायबरची नाव आहे. नावेत दोघंच असतो, मी आणि बाबा. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. परवानगी काढून महिन्यातला एखादा रविवार आम्ही नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाच्या फुगवट्यात, पाण्याखाली गेलेल्या जुन्या हरसूद गावाच्या बाजूला, गळ टाकायला जातो. पहाटे तीनला घर सोडावं लागतं, पण आदल्या रात्रीपासून बाबांचा डबा, टोपी, गळांची पेटी सगळं दाराशी तयार असतं. त्यांचा हा एकच छंद उरलाय आणि तो मला कसंही करून टिकवायचाय.

आमचा नांगर म्हणजे दोरीला बांधलेला दहा-बारा किलोचा दगड. काठालगत पाणी चार-पाच फूट. वारा सुटला की नाव दगडाभोवती फिरायला लागते. बाबा बुडालेल्या झाडाच्या ज्या बुंध्याशी गळ टाकतात तो बुंधा थोड्या वेळात पाठीमागे गेलेला असतो. गेल्या खेपेला नाव अशीच वळली, ते मान वळवून बघायला गेले आणि तोल गेला. मी दंड पकडला म्हणून निभावलं. तेव्हापासून मला झोप नाही.

परदेशी व्हिडिओत नावेच्या मागे बसवलेला खांब बघितला. बटण दाबलं की तळात रुततो आणि नाव जागच्या जागी. पॉवर-पोल आणि मिन कोटाचा टॅलन ही नावं वाचली. आमच्या नावेला हे चालेल का? घरी काही करता येईल का? एक पुरे की दोन लागतील? आणि म्हातारा माणूस नावेत असताना हे सुरक्षित आहे का, हे आधी सांगा.

रामबागचा गळवाला, इंदूर

बाबांना माझा नमस्कार सांगा. माझी अख्खी नोकरी पाटबंधाऱ्याच्या पातळ्या मोजण्यात गेली आणि सुट्ट्या गळ टाकण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव फिरते त्यात दगडाचा दोष थोडा आणि दोरीचा जास्त. नांगर तळाला धरायचा तर दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडावी लागते. पाच फूट पाण्यात पंचवीस फूट दोरी सोडलीत की नावेला पन्नास फूट रुंदीचं वर्तुळ मोकळं मिळतं. दोरी आखूड केली तर नांगर वरच्या वर ओढला जातो आणि घसरतो. उथळ पाण्यात रोवलेला खांब चांगला तो याचसाठी. तो सरळ उभा असतो, त्याला दोरीची लांबी लागतच नाही. शिवाय दगडाचा धप्प आवाज होत नाही. चार फूट पाण्यातली मरळ त्या आवाजाने निघून जाते, हे मी कितीदा बघितलंय.

आता तुम्ही म्हणता ती यंत्रं. पॉवर-पोल हायड्रॉलिक आहे, घडीचा हात उलगडून खांब खाली टेकवतो. टॅलन विजेवर चालतो, सरळ खाली येतो आणि दोन-तीनदा ठोकून स्वतःला रुतवतो, १५ फुटांपर्यंतचे मिळतात. दोन्ही उत्तम वस्तू आहेत, पण मोठ्या, जड नावांसाठी. तुमच्या १२ फुटीच्या मागच्या फळीवर एका बाजूला ते वजन आणि वर १२ व्होल्टची बॅटरी ठेवलीत तर बाबा बसायच्या आधीच नाव कलेल. फळी आतून भक्कम केली नसेल तर वाऱ्याच्या हिसक्याने बोल्टांशी फायबर तडकेल. पॉवर-पोलचाच मायक्रो नावाचा छोटा प्रकार आहे, पाऊण इंची, साडेआठ फुटी दांड्याचा. छोट्या नावांना तो शोभतो. पण मी आधी हाताने रोवायचा खांबच वापरून बघीन.

एक भरीव बांबू घ्या, दहा फुटी. पोकळ नको, पिळताना चिरतो. टोकाला लोहामंडीत कोणाकडूनही लोखंडी टोपण करून घ्या, वर धरायला आडवी मूठ. लोखंडी पाइप मजबूत असतो, पण हातातून निसटला की गेला. बांबू निदान तरंगतो. पाच फूट पाणी, दीड फूट गाळात, उरलेला वर धरायला आणि नावेला बांधायला, असा दहा फुटांचा हिशोब आहे. सहा फुटांपुढे याचा नाद सोडा, तिथे नांगरच.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तळ. इंदिरासागरची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर. पावसाळ्यानंतर पाणी तिथपर्यंत चढलेलं असताना तुमची नाव कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर उभी असते. काळी माती, बांबू लोण्यात सुरी जावी तसा जातो. उन्हाळ्यात पाणी मैलभर मागे सरकतं आणि त्याच नावेखाली नाल्याचे गोटे आणि मुरूम येतो. तिथे खांब नुसता टकटक वाजेल, धरणार नाही. म्हणून जागेवर पोचलात की आधी बांबूने तळ चाचपा. मऊ लागला तर रोवा. खडखडला तर पुढे जा, जोर लावू नका. जोर लावताना माणूस उभा राहतो आणि तिथेच पडतो.

एक खांब नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बांधलात तरी नाव त्याच्याभोवती फिरेल, फक्त नावेच्या लांबीइतकी. बाबांना एकाच बुंध्याकडे बसायचं असेल तर दोन लागतील. नाळ वाऱ्याकडे करा, पुढचा रोवा, मग मागचा. वारा फिरून कुशीवर येऊ लागला किंवा लाटांना पांढरे तुरे दिसले की मागचा आधी काढा. मागचा खांब राहिला आणि पुढचा सुटला तर लाट मागच्या बुटक्या फळीवरून आत येते.

आणि निरगाठ नको, सरगाठ मारा. एका हिसक्यात सुटली पाहिजे.

खाडीकाठचा, मालवण

वरचं सगळं पटलं. आमच्याकडे खाडीत खुंटाला होडी बांधताना दोरी कधी ताठ बांधत नाहीत, भरतीचं पाणी चढलं की होडीच खाली ओढली जाते. तुमच्याकडे भरती नाही, पण लाट आहे. खांब आणि नावेच्या मध्ये जुन्या सायकल ट्यूबची पट्टी बांधा, धक्का ती खाते.

दगड मात्र टाकून देऊ नका, खोल पाण्यात नांगर लागेलच. आणि शक्य असेल तर दगडाऐवजी छोटा चार नखांचा नांगर ठेवा. बुडालेल्या झाडांत तो अडकेल, म्हणून दोरी नखांकडच्या टोकाला बांधा आणि दांड्याच्या वरच्या कडीशी नुसत्या सुतळीने आवळा. अडकला की जोरात ओढा. सुतळी तुटते, नांगर उलटा होऊन सुटतो.

सुदामानगरकर, इंदूर

दोघांचे मनापासून आभार. काका, एक शंका. बाबांचे मित्र धरणाच्या खालच्या अंगाला, नदीत बोलावतात. तिथेही काठाला पाणी उथळ आहे. हेच खांब चालतील?

रामबागचा गळवाला, इंदूर

नाही. हे ठामपणे सांगतो.

२००५ च्या एप्रिलमध्ये धरणाच्या खाली, नर्मदाकाठच्या धाराजीला अमावास्येच्या स्नानाला लोक जमले होते. वरून इंदिरासागरातून सोडलेलं पाणी आलं आणि माणसं वाहून गेली. ती तर पाण्यात उभी होती, पायांनी पळू शकत होती. दोन्ही टोकांना खांबाला जखडलेल्या नावेत बसलेल्या ७८ वर्षांच्या माणसाला तेवढाही वेळ मिळायचा नाही. पाणी चढतं, दोरी ताठ होते, नाव प्रवाहाला आडवी असेल तर एका बाजूने पाणी घेते. धरणाखाली नावेतून गळ टाकायचाच नाही. मित्रांनाच हरसूदकडे बोलवा. फुगवट्यात पातळी सावकाश हलते.

बाबांच्या अंगात लाइफ जॅकेट असू द्या, उकडलं तरी. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने बांबू सावलीत आडवे ठेवा, उन्हात तडकतात.

सुदामानगरकर, इंदूर

काल जाऊन आलो. दोन बांबू केले, एकाला टोपण नीट बसलं नव्हतं म्हणून पुन्हा ठोकून घ्यावं लागलं. बाबांनी स्वतः बसून दर फुटाला लाल रंगाची रेघ काढली, म्हणजे खोली वरूनच वाचता येते. पहिल्या दोन जागी तळ खडखडला, पुढे गेलो. तिसऱ्या जागी बांबू दीड फूट आत गेला आणि नाव अशी थांबली की बाबांनी दोनदा विचारलं, "आपण काठाला लागलो का रे?"

काढताना मात्र पुढचा निघेना. सरळ वर ओढत होतो आणि नावच खाली दबत होती. बाबा म्हणाले, "पिळ त्याला, खुरपीने गवत काढतो तसा." मूठ धरून डावी-उजवीकडे चार वेळा फिरवला तेव्हा गाळाने सोडलं. हे इथे कोणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहून ठेवतो.

अकराच्या सुमारास वारा वाढला. मागचा आधी काढला, मग पुढचा, आणि निघालो. दोन रोहू मिळाले. एक बाबांनी सोडून दिला. मित्रांना फोन केलाय, पुढच्या रविवारी तेच इकडे येणार आहेत.