दांगदुत प्रेमगीत संथच हवं, कोप्लोत त्याचा जीव जातो

सुरवेडा:
इंडोनेशियाची जुनी दांगदुत (तिथलं लोकप्रिय नाचगाण्याचं संगीत) गाणी ऐकणारं कोणी आहे का इथे? माझं मत सरळ आहे, कॅसेटच्या काळातली संथ प्रेमगीतंच खरी, आताचा फास्ट कोप्लो प्रकार त्यातलं दुःख पार तुडवून टाकतो. गायक मेगी झेडचं ते गाणं घ्या, मन दुखण्यापेक्षा दात दुखलेला परवडला असं म्हणणारं. नुसतं वाचलं तर हसू येईल पण तो गातो तेव्हा येत नाही, कारण ओळ संपली की मागून बासरी (सुलिंग, बांबूचीच) विव्हळत उत्तर देते आणि गेंदांगवाला (गेंदांग म्हणजे तिथला ढोल) कातडं दाबून खालचा सूर असा ओढतो, अगदी आपल्या तबल्यातल्या डग्ग्याच्या मींडेसारखा, की पुढची ओळ येईपर्यंत आपण तिथेच अडकतो. ही मधली जागा कोप्लोत उरतच नाही.

ढोलकीप्रेमी:
अजिबात पटलं नाही. दांगदुत हेडफोन लावून रडायचं संगीत कधीच नव्हतं, लोक रडक्या गाण्यावरच गोयांग करतात, म्हणजे कंबर हलवत डुलतात, आणि तीच त्याची ताकद आहे. गावातल्या लग्नात स्टेजवर चढून गाणारीला नोटा देतात (सावेरान म्हणतात, आपली दौलतजादाच), तिथे तुमची ती मधली जागा कोण ऐकतंय? पूर्व जावाच्या वादकांनी ठेका वाढवून कोप्लो केला तो त्या गर्दीसाठी.

निनावी:
मला तर हे दोन्ही हिंदी सिनेमातून उचललेलं वाटतं. जुनी गायिका एल्या खादाम भारतातल्या बाहुलीवरचं गाणं म्हणायची तेव्हापासून चाली, ठेका, नखरे सगळं मुंबईचं.

सुरवेडा:
@निनावी, चाली घेतल्या हे खरंच आहे, नाकारत नाही. पण ओर्केस मलायूची (तिथल्या मलय वाद्यवृंदांची) मलय गायकी आधीपासून होती ना तिथे, अरबी वळणं होती, आणि दांगदुत गायक रोमा इरामाने १९७० मध्ये सोनेता ग्रुप हा बँड काढला, मग डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या वेडापायी इलेक्ट्रिक गिटार घुसवली. बासरी आणि रॉक गिटार एकाच विरहगीतात रडताना तुम्ही मुंबईच्या कुठल्या गाण्यात ऐकलंत?

ढोलकीप्रेमी:
बघा, रोमानेच एवढा बदल केला तो चालतो आणि कोप्लोवाल्यांनी केला की जीव जातो? २००३ मध्ये गायिका इनुल दारातिस्ताच्या स्टेजवरच्या नाचावर हाच रोमा भडकला होता. जुन्यांना नवं नेहमीच घाण वाटतं, आणि भोगावं लागतं गाणाऱ्या बाईला. मला याचा खरंच राग येतो.

सुरवेडा:
इनुलशी माझं काहीच भांडण नाही, तिच्यावर झाला तो अन्यायच होता. मी लयीबद्दल बोलतोय. जुनी दांगदुत गायिका एल्वी सुकाएसिहच्या हरकती ऐका, तिकडे चेंगकोक म्हणतात, शब्दाच्या शेवटी आवाज थरथरत खाली उतरतो. ते दुप्पट लयीत बसवून दाखवा.

ढोलकीप्रेमी:
बसतात, थोड्या आखूड होतात एवढं मान्य. पण आताची गायिका विया वालेन कोप्लोतही हळू सुरुवात करते, ठेका नंतर येतो, तो येईपर्यंतचं तरी ऐकाल की नाही?

सुरवेडा:
ऐकतो. तो येईपर्यंतच.