नकाशावर स्टेशनं दिसतात, पण संदेशाची पोच येत नाही

प्रश्न: एपीआरएससाठी (हॅम रेडिओवरून स्टेशनांची जागा आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत) डायरवुल्फ लावलंय, म्हणजे संगणकाच्या साउंडकार्डवर चालणारा सॉफ्टवेअर मोडेम. नकाशा दाखवणारा झॅस्टिर प्रोग्राम त्याला ८००० पोर्टवरून जोडलंय. स्टेशनं नकाशावर सरकताना बघून फार आनंद होतो. पण मित्राला पाठवलेला संदेश पुन्हा पुन्हा जात राहतो, पोच येतच नाही. त्याला संदेश मिळतो, हे त्याने फोनवर सांगितलं. रेडिओ व्हॉक्सवर आहे, म्हणजे आवाज आला की तो आपोआप प्रसारण सुरू करतो.

उत्तर: मग व्हॉक्सच काढा. पॅकेट संपल्यावरही व्हॉक्स रेडिओला क्षणभर प्रसारणातच अडकवून ठेवतो, आणि नेमकी तेव्हाच समोरून पोच येते. पीटीटीची (रेडिओला प्रसारण सुरू-बंद करायला सांगणाऱ्या संकेताची) वेगळी जोडणी कराच. टीएक्सडीले (प्रसारण सुरू झाल्यावर माहिती पाठवण्याआधीचा थांबा) ३० ठेवा, म्हणजे ३०० मिलिसेकंद. स्क्वेल्च (कमकुवत संकेत आणि खरखर दाबणारी रेडिओची सोय) पूर्ण उघडा. डायरवुल्फमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी ५० च्या आसपास दिसायला हवी.

आणखी एक: पाथ, म्हणजे पॅकेट मधल्या स्टेशनांनी किती वेळा पुढे पाठवायचं याची सूचना, काय टाकलाय? फिरत्या स्टेशनला वाइड१-१, वाइड२-१ पुरतो. सगळे एकाच वारंवारतेवर बोलतात हो, लांब पाथ टाकून ती अडवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: पाथ तोच आहे. यूएसबी इंटरफेस लावला, पीटीटी आरटीएसवर (सिरियल पोर्टच्या एका नियंत्रण तारेवर) दिला. पहिल्याच संदेशाला पोच आली! मनापासून आभार.