झूलॉजी करून उत्क्रांती आणि जेनेटिक्समध्ये करिअर होतं का? (पुणे)

टीवायवाली_पुणे:
मी पुण्यात टीवाय बीएस्सी झूलॉजीला आहे. उत्क्रांतीचा पेपर सुरू झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. घरचे म्हणतायत बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, आणि बाबांचंही चूक नाही, धाकटा भाऊ अजून शिकतोय. मला एवढंच विचारायचंय की हे लोक दिवसभर नक्की करतात काय, जंगलात असतात की लॅबमध्ये, पैसे कधी मिळायला लागतात आणि पुण्यात राहून काही होतं का? कोणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

पालींच्या_मागे:
मी पीएचडी करतोय, सह्याद्रीतल्या पालींवर. पावसाळ्याच्या आसपास रात्री हेडलॅम्प लावून कातळ आणि झाडांचे बुंधे बघत फिरायचं, वनखात्याची परवानगी हातात असेल तरच, नाहीतर हातही लावायचा नाही. डीएनएसाठी पालीच्या शेपटीचं टोक घेतलं की ते ॲब्सोल्यूट (म्हणजे जवळजवळ शुद्ध) अल्कोहोलमध्ये, फॉर्मालिनमध्ये कधीच नाही कारण त्याने डीएनए खराब होतो, आणि लेबल पेन्सिलने लिहायचं, अल्कोहोल सांडलं तर शाई वाहून जाते आणि मग नमुना कुठला ते कुणालाच कळत नाही. पण फील्ड वर्षातले थोडेच दिवस हं! बाकी लॅबमध्ये पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं), सीक्वेन्सिंग (डीएनएतला अक्षरांचा क्रम वाचणं) आणि कॉम्प्युटर. आपल्याकडच्या छोट्या निमास्पिस पाली दिसायला एकसारख्या, डीएनए बघितला की वेगवेगळ्या प्रजाती निघतात, एका डोंगररांगेतली एक आणि पलीकडची दुसरी. तरी नुसत्या डीएनएवर भागत नाही, खवले मोजावेच लागतात, म्हणून जुनी टॅक्सॉनॉमी, म्हणजे शरीराच्या खुणांवरून प्रजाती ओळखणं आणि वर्गीकरण, मन लावून शिक. आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं (देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, तिथल्या लोकांशी जाऊन बोल.

आकडेवारी_ताई:
पुण्यात नक्की होतं. पाषाणला आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत फळमाश्यांवर उत्क्रांतीचे प्रयोग चालतात, माशीची पिढी साधारण दोन आठवड्यांची, त्यामुळे बदल डोळ्यांदेखत दिसतो. ज्याला जंगल झेपत नाही त्यालाही हा विषय करता येतो हे कुणी सांगतच नाही! बीएस्सीनंतर तिथे इंटिग्रेटेड पीएचडीही (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) आहे.
माझं एकच कळकळीचं सांगणं, स्टॅटिस्टिक्स आणि आर (R, आकडेवारीसाठीची कॉम्प्युटर भाषा) आत्तापासून शिक, कारण या विषयात सगळं मापांवर चालतं. हेच बघ, पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याने 1973 पासून पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच हे चिमणीएवढे पक्षी पकडून, खुणेच्या कड्या घालून चोची मोजल्या. 1977 च्या दुष्काळात लहान बिया संपल्या, मोठ्या कडक उरल्या, त्यामुळे मोठ्या चोचीचेच जास्त जगले आणि त्यांची पिल्लंही तशीच निघाली. 2005 च्या सुमाराच्या दुष्काळात उलट झालं, कारण मोठ्या बिया खाणारा दुसरा फिंच तिथे येऊन बसला होता, आणि या दुसऱ्या वेळच्या बदलात एचएमजीए२ या जनुकाचा मोठा हात आहे हे 2016 मध्ये कळलं. वर्षानुवर्षं मापं घेऊन ठेवली म्हणून जनुक शोधायला आधार मिळाला. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

एका_मुलीचा_बाबा_कोथरूड:
पैशांचं मी सांगतो, मुलगी याच वाटेने गेली. एमएस्सीची दोन वर्षं खर्च आपलाच. मग सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा काढून जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, घरभाडं भत्ता वेगळा मिळतो. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा, नंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरत्या नेमणुकीचं संशोधन), आणि कायमची नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी उलटते बऱ्याच जणांची. फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने अडकतात, तेवढी शिल्लक घरात हवी. बाबांना हे सगळं आकड्यांसकट सांग बाळा, लपवू नकोस. नेट झालं की कॉलेजात शिकवायचा रस्ताही उघडा राहतो, आमच्या घरी त्या एका गोष्टीवर होकार मिळाला.

टीवायवाली_पुणे:
थँक्यू सगळ्यांना, काकांची पोस्ट बाबांना वाचून दाखवणारे. ताई, आर शिकायला मॅथ्स बारावीनंतर सुटलंय, चालेल का?

आकडेवारी_ताई:
चालेल ग. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधली स्वतःची मापं घे आणि त्यांचाच ग्राफ काढण्यापासून सुरू कर, अडलीस की इथेच विचार.